खांद्यावरचं रान

वहिनी,

तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले, देवळातून आणलेली मोठी पातेली परत गेली आणि घर पुन्हा घराएवढं झालं. दादा पडवीत बसलेला असतो. रडत नाही. कुणी आलं की 'बसा' म्हणतो आणि पुन्हा समोरच्या डोंगराकडे बघत राहतो. काल तुझ्या धाकट्या सुनेनं त्याला जेवायला हाक मारली तर म्हणाला, "तिला खाली येऊ दे." मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो उठून हात धुवायला गेला. मी तिथंच होते.

भेटायला आलेली माणसं तुझ्याबद्दल बरंच बोलून गेली. लय झाडं लावली बाईनं, असं प्रत्येकानं म्हटलं. कुठल्याशा पेपरातल्या माणसानं मला फोन करून विचारलं, एकूण झाडं किती. मी म्हटलं, मोजली नाहीत. त्याला ते आवडलं नाही. तो म्हणाला, अंदाजे सांगा. मी म्हटलं, जी जगली ती डोंगरावर आहेत, या आणि मोजा. नंतर वाटलं, हे उत्तर माझं नव्हतं, तुझंच होतं. इतकी वर्षं तुझ्याबरोबर काढल्यावर तुझी बोलायची रीतही थोडी माझ्याकडे आली असणार.

तू या घरात लग्न होऊन आलीस तेव्हा मी शाळेत जात होते. तू मला पहिल्या दिवसापासून 'वन्सं' म्हणालीस आणि 'तुमी' म्हणालीस. माझ्यापेक्षा मोठी असून. मी मात्र तुला 'तू'च म्हणत आले. आई एकदा मला रागावली तर तू म्हणालीस, असू द्या, तेवढंच मायेचं. पुढे मी लोणावळ्यात मास्तरीण झाले, तिथंच संसार केला. हे गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर मळवलीला स्टेशनजवळ दोन खोल्या घेतल्या, ते खरं तर तुझ्यासाठी. एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडला की भाजे, आणि भाज्यात तू. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी सगळ्यांना सांगायचे की लोणावळ्यात आता गर्दी फार झाली.

आपली वरची जमीन म्हणजे डोंगराचा खांदा. गावात सगळे त्याला खांदाच म्हणतात. आजोबांच्या वेळी तिथं दाट झाडी होती असं सांगायचे. मी बघितली ती नुसती खुंटं. भाताची रोपं टाकायची जागा, म्हणजे राब, भाजायला दरसाल ऐनाच्या फांद्या छाटायच्या, चुलीला लाकूड आणायचं, कुणी कोळसा पाडून लोणावळ्याच्या हॉटेलांना द्यायचं. कुणी एकानं ते रान तोडलं नाही. सगळ्यांनी थोडं थोडं तोडलं. आपण दोघींनीही तिथून मोळ्या आणल्यात. तुला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "चूल पेटाया नगं व्हय?" एवढंच म्हणायचीस. मग घरात गॅस आला, नाचणी पेरायची बंद झाली, आणि खांद्यावर उरलं फक्त गवत. दर उन्हाळ्यात कुणीतरी ते पेटवून द्यायचं, म्हणजे पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून.

तो पुण्याचा माणूस गाडी घेऊन आला तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी सुट्टीला म्हणून तुमच्याकडे आले होते. त्यानं चहा घेतला, वर गेला, खाली धरणाचं पाणी दिसतं ते बघून हात पसरून उभा राहिला. त्याला तिथं बंगले बांधायचे होते. दादाच्या मनात द्यायचं होतं आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. त्या उतारानं अलीकडे आम्हाला दगडांशिवाय काही दिलं नव्हतं, आणि शेजारच्या दोघांनी आपले उतार विकून घरं पक्की केली होती. तू पाणी घेऊन वर आली होतीस. तांब्या खाली ठेवलास आणि म्हणालीस, ही जागा रिकामी नाही.

दादानं चारी बाजूंना बघितलं. गवत वाळलेलं, मधे दोन-तीन करवंदीच्या जाळ्या. त्यानं विचारलं, "हितं काय हाय गं?"

"अजून न्हाई," तू म्हणालीस. "पर व्हणार हाय."

पाहुण्यासमोर तू दादाला कधी उलट बोलली नव्हतीस, म्हणून त्यानंही तिथं विषय वाढवला नाही. माणूस गेल्यावर घरात बरंच वाजलं. शेवटी दादा म्हणाला, काही वर्षं बघ काय करायचं ते, पण मी तिथं फावडं उचलणार नाही. तू म्हणालीस, नका उचलू.

मी तुला नंतर विचारलं होतं की हे खूळ कुठून आलं. मला वाटलं, तू पावसाबद्दल, पाण्याबद्दल काही सांगशील. तू भाताची खाचरं बांधता बांधता सांगितलंस की पवनेच्या पलीकडे, तुझ्या माहेरी, देवाचं रान होतं. पोरी तिथं जाऊन बसायच्या. तिथं बसलेल्या पोरीला घरचं कुणी हाक मारत नसे, देवाची जागा म्हणून. "बाईला बसाया कुटंतरी सावली पायजे, वन्सं. जितं कुणी हाक मारीत न्हाई." मी इतकी भाषणं ऐकली झाडांवरची, शाळेत दर वर्षी मुलांकडून निबंध लिहून घेतले, पण रान कशाला हवं याचं असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

पहिली दोन-तीन वर्षं तू जे मिळेल ते लावलंस. रोपवाटिकेतला गुलमोहर, सिल्व्हर ओक, कुणाच्या बंगल्यातून उपटून टाकलेलं काहीही. खंडाळ्याला बंगला सांभाळणाऱ्या तुझ्या भावानं एक शोभेचं सूचिपर्णी झाड कुंडीसकट आणून दिलं, तेही तू लावलंस. गुलमोहर वाऱ्यानं पडले, सिल्व्हर ओक उन्हाळ्यात वाळले, आणि ते परदेशी झाड मात्र अजून उभं आहे, चुकीच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखं. उन्हाळ्यात पाण्याची पंचाईत व्हायची. रविवारी लेण्यांच्या वाटेवर माणसं पाण्याच्या बाटल्या टाकून जायची, त्या तू सोमवारी गोळा करायचीस, झाकणाला दाभणानं भोक पाडून प्रत्येक रोपाशी एक उलटी खोचायचीस. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, डोंगरावर प्लॅस्टिकचं पीक आलंय.

आपलं भांडण त्याच सुमाराला सुरू झालं. मी एका व्याख्यानाला गेले होते, तिथून ऐकून आले की असा उतार आगीपासून आणि गुरांपासून राखला तर रान आपोआप येतं, जुनी मुळं जमिनीत जिवंत असतात, लावायची फारशी गरजच नसते. मी ते तुला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तुला ते मुळीच पटलं नाही. हात न लावता काही येत नाही, असं तुझं म्हणणं. पोर आपोआप मोठं होतं का, असं तू मला विचारलंस. मी म्हटलं, रानाला आई लागत नाही. तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस, कारण तुला वाटलं मी तुझ्या कामाला फुकट म्हणाले. मी तसं म्हणाले नव्हते. थोडंसं म्हणाले होते.

हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही, आणि खरं सांगू, मिटावं असं मलाही वाटत नव्हतं. दर वर्षी तू खड्डे काढायचीस आणि मी म्हणायचे, इथं काढू नको, इथं ऐनाचा फुटवा आहे. तू म्हणायचीस, तुमचा ऐन माझ्या जांभळाला जागा देईना का. मग आपण दोघी वाकून बघायचो. हळूहळू एक गोष्ट दोघींच्याही लक्षात आली. उघड्यावर लावलेली तुझी रोपं मरत होती, आणि करवंदीच्या जाळीत लावलेली जगत होती. काट्यांमुळे गुरं तोंड घालत नव्हती आणि मुळाशी सावली राहायची. करवंद आपोआप आलेली, रोप तुझ्या हातचं. यात जिंकलं कोण, यावरही आपण भांडलोच.

बाळू आबांचं प्रकरण तू मिटवलंस, मला ते जमलं नसतं. त्यांची गुरं पिढ्यान् पिढ्या खांद्यावर चरायची. मी त्यांना समजावायला गेले तर त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी गुरं पुन्हा वर. तू गेलीस ती विळा घेऊन. गवत कापून दिलंस, भारा बांधलास, त्यांच्या गोठ्यात नेऊन टाकलास. म्हणालीस, गवत तुमचंच आहे, लागेल तेवढं न्या, फक्त गुरं पायानं वर जायला नकोत, गवत डोक्यावरून खाली यावं. आबा पंधरा दिवस चिडलेले होते. मग त्यांच्या सुनेनंच, मंदानं, भारे न्यायला सुरुवात केली. तिला तुझ्याशी गप्पा मारायला मिळायच्या, हे त्यामागचं कारण, असं मला वाटतं.

मग तो वणवा. फाल्गुन होता, भर दुपार. खालच्या अंगाला कुणीतरी आपल्या बांधावरचं गवत पेटवलं होतं, दर वर्षी पेटवतात तसंच. वारा फिरला. मी मळवलीहून धूर बघितला आणि पूल ओलांडून पळत आले. त्या वयात कशी पळाले, देव जाणे. तोवर बाळू आबा आणि त्यांचे दोन्ही मुलगे वर पोचले होते, निरगुडीच्या ओल्या फांद्या घेऊन ज्वाळा झोडपत होते. तू भिजवलेलं पोतं घेऊन त्यांच्या पुढे होतीस. तुझ्या पदराला ठिणगी लागलेली तुला कळली नव्हती, मंदानं ती विझवली. आणि आपला दादा, ज्यानं फावडं उचलणार नाही म्हणून सांगितलं होतं, तो फावड्यानंच माती फेकत होता. संध्याकाळपर्यंत आग खडकाशी जाऊन थांबली. अर्ध्याहून जास्त खांदा काळा झाला होता.

तू रडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तू दोन दिवस नुसती घरातली कामं केलीस. तिसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसलो असताना दादाला म्हणालीस, "इकून टाका तो खांदा. माज्यानं न्हाई व्हत आता."

मी दादाकडे बघितलं. मला वाटलं, आता हा हो म्हणेल, त्याला तेच तर हवं होतं. तो भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "पावसाळा जाऊ दे. मग बघू."

हे तुला माहीत आहे. जे तुला माहीत नव्हतं ते मला दादानं परवा सांगितलं, तू गेल्यानंतर. त्या आगीनंतर तो रोज सकाळी वर जायचा. तुला सांगायचा, डेअरीवर जातो. काळ्या जमिनीवर फिरायचा, राख बाजूला सारून खुंटं बघायचा, आणि परत यायचा. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. म्हणाला, तू इतकी मेहनत केली होतीस, कुणीतरी जाऊन बघायला तर हवं होतं.

वैशाखात एक दिवस तो तुला म्हणाला, चल जरा वर. तू नको म्हणालीस. त्यानं मला निरोप धाडला, म्हणून मी आले, आणि आपण तिघं वर गेलो. ऊन चढलं होतं. पाऊस अजून लांब होता, एक थेंब पडला नव्हता, आणि त्या काळ्या जमिनीत खुंटाखुंटाच्या बुडाशी फुटवे आले होते. कुंभ्याचे, ऐनाचे, पळसाचे. कोवळी तांबूस पानं, हाताला जेमतेम जाणवतील इतकी मऊ. तू लावलेल्या जांभळांतलीही काही बुडाशी फुटली होती. तू खाली बसलीस आणि एका फुटव्याशेजारची राख बोटानं बाजूला केलीस. मी त्या क्षणी तुला म्हणू शकले असते की बघ, मुळं जिवंत असतात, मी सांगत होते. मी म्हणाले नाही. तूच माझ्याकडे बघून म्हणालीस, "बोला की आता, मास्तरीणबाई." आणि आपण दोघी हसलो, दादाला कळेना काय झालं ते.

विकायचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. पुढच्या हिवाळ्यापासून आपण जाळरेषा काढायला लागलो. खांद्याच्या चारी बाजूंनी गवताचा पट्टा कापून, झाडून जमीन उघडी ठेवायची, म्हणजे बाहेरून आलेली आग तिथंच थांबते. दादा त्या कामाला पहिल्या वर्षापासून आला. फावडं घेऊन.

मला आठवणीत राहणार आहेत ती त्याच्या पुढची वर्षं, ज्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. आपण दुपारी वर जायचो, भाकरी सोडायचो, आणि बसायचो. सावली पहिल्यांदा एका माणसापुरती होती, आपण आळीपाळीनं बसायचो. मग दोघींपुरती झाली. मग आपण कुठं बसायचं यावर वाद घालण्याइतकी झाली. एकदा भेकर दिसलं, ते आपल्याकडे बघून खोकल्यासारखं ओरडलं आणि तू त्याला म्हणालीस, जा बाबा, आमी काय करत न्हाई. तुझ्या एका जांभळाखाली जांभळाचीच पोरकी रोपं उगवली, पाखरांनी आणलेल्या बियांची असतील नाहीतर त्याच झाडाची. ती तुझी की माझी, यावर एक अख्खी दुपार गेली. आणि खालचा झरा. तू शपथेवर सांगायचीस की तो आता उन्हाळ्यात जास्त दिवस टिकतो. मी म्हणायचे, गेली काही वर्षं पाऊसच बरा झालाय, एवढ्यावरून सांगता येत नाही. अजूनही मला वाटतं, सांगता येत नाही. पण यंदा उन्हाळ्यात मी रोज जाऊन बघणार आहे, हे कबूल करते.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुला बोलायला त्रास व्हायचा. आम्ही कुणी रानाचा विषय काढत नव्हतो, तुला त्रास नको म्हणून. तूच काढलास. वरच्या अंगाला फणस लावायचा, लेकरांना खायला होईल, हे तुझं गेल्या दोन वर्षांचं म्हणणं. आणि तिथं वारा फार, फणस टिकणार नाही, तिथलं तिथं आपोआप येऊ दे, हे माझं. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "तुमी फणस लावायच्या न्हाई. मला ठावं हाय." मी म्हणाले, "आधी बरी हो, मग भांडू." हो म्हणायला काय झालं होतं मला? पण मी हो म्हणाले असते तर तुला कळलं असतं की तू बरी होणार नाहीस. म्हणून मी भांडत राहिले आणि तू समाधानानं डोळे मिटून घेतलेस. फणस अजून लावलेला नाही. एक आडोशाची जागा बघून ठेवली आहे, वाऱ्याच्या उलट बाजूला.

तू गेल्याचं मला वाईट वाटतं, ते आहेच. सकाळी पूल ओलांडताना पाय आपोआप भराभर पडतात आणि मग आठवतं. पण नुसतं वाईट वाटतं असं म्हटलं तर खोटं होईल. म्हातारपणी बाईला एक मैत्रीण मिळावी, तिच्याबरोबर करायला काम मिळावं, आणि भांडायला एक न संपणारा विषय मिळावा, यापेक्षा जास्त मी काय मागणार होते? हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, काय वन्सं, पुस्तकात वाचलं व्हय. म्हणून राहून गेलं.

आज सकाळी मी वर गेले. गवत वाळलंय, जाळरेषेचे दिवस आलेत. यंदा कोण येणार, मला ठाऊक नव्हतं, मी कुणाला सांगितलंही नव्हतं. बघते तर मंदा वाडीतल्या बायकांना घेऊन आधीच वर आली होती. सगळ्यांच्या हातात विळे. दादा एका बाजूला फावड्यावर रेलून उभा. बाळू आबांना आता चढवत नाही, त्यांनी भाकऱ्या पाठवल्या होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, कारण रेषा कुठून काढायची ते दर वर्षी तू दाखवायचीस.

मंदानं विचारलं, "आत्या, वरच्या अंगाला कुटवर काढायची? दरसालच्या बांधापातूर?"

मी वर चढून बांधापाशी गेले. बांधाच्या आत सगळं तुला माहीत आहे तसंच आहे. पण पलीकडे, गायरानाच्या उघड्या उतारावर, गवतात ऐनाची रोपं आहेत. दोन-चार जांभळं आहेत. एक हिरडाही आहे, गुडघ्याएवढा. तिथं तू कधी खड्डा काढला नाहीस आणि मी कधी राखण केली नाही. दादाही येऊन उभा राहिला, त्यानंही बघितलं.

मग मी खाली वळून मंदाला सांगितलं, बांधापर्यंत नको, त्या वरच्या कातळापर्यंत काढा. रान पुढं गेलंय.

बायकांनी पदर खोचले आणि आम्ही कातळाच्या बाजूनं कापायला सुरुवात केली.